कप्तानाच्या कोटाचा रंग

पुंडलिकनगरात सुलेखाने शिवलेलं ब्लाऊज सहसा दुरुस्तीला परत येत नाही. आलंच, तर ती आधी गिऱ्हाइकाकडे वरपासून खालपर्यंत बघते आणि सांगते, "ब्लाऊज आहे तिथंच आहे, ताई. तुम्ही पुढं सरकल्यात." बाई लाजते, हसते आणि जाताना आणखी दोन ब्लाऊज शिवायला टाकून जाते. सुलेखाला चूक कबूल करता येत नाही असं नाही, पण तशी पाळीच तिच्यावर फारशी आलेली नाही.

अशा बाईनं एकदा सांगितलं, की ‘नक्षत्रयान’मधल्या कप्तान निशांतचा कोट निळा होता, म्हणजे तो निळाच. पण ग्रुपवरचे लोक ऐकतील तेव्हा ना.

‘नक्षत्रयान’ ही दूरदर्शनवरची जुनी हिंदी मालिका. रविवारी सकाळी लागायची. मूठभर माणसं एका यानात बसून सूर्याच्या पार पलीकडे निघालेली, आणि दर आठवड्याला वाटेत काहीतरी विपरीत घडायचं. यान म्हणजे चंदेरी रंग दिलेला पत्रा आणि तारे म्हणजे काळ्या पडद्याला पाडलेली भोकं, हे आज कुणालाही कळेल. तेव्हा मात्र लोक श्वास रोखून बघायचे. आता ती मालिका कुठंच सापडत नाही. टेपा पुसून त्यांच्यावर दुसरंच काही भरलं, असं सांगतात. वर्तमानपत्रांत छापून आलेले काळेपांढरे फोटो तेवढे उरले, आणि उरली ती आठवण काढणारी माणसं. त्यांतल्याच संभाजीनगरच्या माणसांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. तो चालवतात राजेंद्र डोणगावकर, बँकेतून निवृत्त झालेले. तिसऱ्या भागात इंजिन का बंद पडलं, डॉक्टरबाईंची शेवटची ओळ कोणती, असले प्रश्न टाकून ते सगळ्यांना सकाळी सकाळी कामाला लावतात.

आणि त्या राजेंद्ररावांनी एक दिवस बातमी टाकली, की कप्तान निशांतचं काम करणारे शशिकांत देवरुखकर आपल्या शहरात यायला तयार झालेत. सत्कार करायचा, हॉल घ्यायचा, आणि साहेबांनी तोच कोट घालून स्टेजवर यायचं. कोट शिवणार अर्थातच सुलेखा.

इथपर्यंत सगळे एकमतानं होते. रंगाचा विषय निघाला आणि ग्रुप पेटला.

राजेंद्रराव म्हणाले, हिरवा. शाळेत शिकवणाऱ्या मंजुषाबाईंनी लिहिलं, की डॉक्टरबाईंचा कोट नारंगी होता हे त्या शपथेवर सांगतील, तेव्हा कप्तानाचाही नारंगीच असणार. सिडकोत औषधाचं दुकान असलेल्या अतुलनं लिहिलं, "मातकट. चॉकलेटी म्हणा हवं तर. मी डोळ्यांनी बघितलाय."

सुलेखानं मशीनवरचा पाय काढला आणि फोन तोंडाजवळ धरून बोलायला सुरुवात केली. "अतुलभाऊ, तुम्ही डोळ्यांनी बघितला, मग आम्ही काय कानांनी? तुमचा टीव्ही बिघडलेला असंल. दुरुस्त करून घ्यायचा होता."

"ताई, आमचा कलर टीव्ही होता! वडील डॉक्टर होते माझे!"

"म्हणूनच बिघडला. आमचा साधा होता, त्याला काय धाड भरतीय?"

हसणाऱ्या तोंडांची रांगच्या रांग खाली आली. शिवणारीच एवढी ठाम, म्हटल्यावर निळा ठरला. सुलेखानं त्याच दिवशी गुलमंडीच्या बाजारात जाऊन निळं सुटिंग आणलं.

हा ठामपणा आला होता वैजापूरहून. तिचे वडील कडुबा खरात तिथल्या तहसील कचेरीत शिपाई होते. कचेरीतल्या एका कारकुनानं नवा टीव्ही घेतला, तेव्हा त्याचा जुना, काळापांढरा, कडुबांनी घरी आणला. त्यांच्या गल्लीतला तो पहिलाच टीव्ही. रविवारी सकाळी कडुबा पोरांना घेऊन विहारात जायचे. पंचशील म्हणताना कुणाची चुळबुळ दिसली, की हळूच म्हणायचे, "आधी वंदना, मग यान. यान कुठं पळून नाय जात." आणि मग घरी येऊन, अंगणापर्यंत भरलेल्या गर्दीत, टीव्हीसमोर ताठ बसायचे. कप्तान निशांत पडद्यावर आला, की शेजाऱ्याला कोपरानं ढोसायचे. "बघ, पार ताऱ्यांपातूर गेला गडी, पण रंग आपलाच हाय. निळा."

सुलेखाच्या हातून पहिलं कापड कापलं गेलं ते ह्याच कोटापायी. कचेरीतले जुने निळे पडदे काढून टाकले, ते कडुबांनी घरी आणले. तिनं रद्दीच्या कागदावर कोट बेतला. गळ्याची ती तिरकी कॉलर, डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे उतरत जाणारी, बटण म्हणून कुठं दिसायचं नाही. टीव्हीत बघून बघून तिनं ती कागदावर उतरवली. एक बाही आखूड झाली. तरी कडुबांनी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तो कोट अंगात घातला आणि लोक हसत असताना सगळ्यांच्या पुढं चालत राहिले. पुढच्याच महिन्यात त्यांनी जुनं शिलाई मशीन घरी आणून ठेवलं. सुलेखाचा संसार, मुलाचं इंजिनिअरिंग, पुंडलिकनगरातलं घर आणि पुढच्या खोलीतलं दुकान, सगळं त्या मशीनवर उभं राहिलं. ती तिरकी कॉलर तिनं अजून सोडलेली नाही. आसपासच्या बाया दुकानात येऊन म्हणतात, "गळा तुमचा तो तिरपा घाला."

कडुबा, सुलेखाचे अण्णा, तीन वर्षांमागे गेले. शेवटच्या दिवसांतही बोलता बोलता म्हणायचे, "त्या माणसाला त्या कोटात एकदा समोर बघायचं राहिलं." ते बघायचं आता सुलेखाकडे आलं होतं. निळ्या कोटातला कप्तान एकदा समोर उभा राहिला पाहिजे, एवढंच तिला ह्या सगळ्या सत्कारातून हवं होतं. हार, नारळ, भाषणं काय, होतच असतात.

देवरुखकर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आले. मापं फोनवर आलेली, तेव्हा एकदा अंगावर घालून बघितलेलं बरं, म्हणून राजेंद्रराव त्यांना दुपारी थेट सुलेखाच्या घरी घेऊन आले. माणूस उंच, पण आता वाळलेला. गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढले. कॉटवर सुलेखाची आई द्वारकाबाई बसली होती. तिनं त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "टीव्हीत भरल्यावानी दिसायचे."

"आई!"

"खरंय हो आजी," देवरुखकर हसले. "तेव्हा घरचं जेवण होतं."

सुलेखानं पाणी दिलं, चहा दिला. मग कपाटातून कोट काढला आणि दोन्ही हातांवर धरून समोर नेला. देवरुखकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कॉलरवरून बोट फिरवत गेले.

"हीच. अगदी हीच कॉलर. कुणी शिकवली तुम्हाला?"

"तुम्हीच की. टीव्हीत बघून कापली."

"ही कशी झाली ठाऊक आहे? पहिल्या दिवशी कोट मला पोटावर घट्ट झाला. बदलायला वेळ नव्हता. आमच्या ड्रेसवाल्यानं दोन्ही कडा तिरक्या ओढून हूक लावून दिले. तेच पुढं सगळ्यांच्या अंगावर आलं."

"म्हणजे मी इतकी वर्षं सगळ्या पुंडलिकनगरच्या गळ्यात तुमचं पोट शिवत आले म्हणा!"

राजेंद्ररावांना ठसका लागला. देवरुखकर मनापासून हसले, आणि हसता हसताच म्हणाले, "पण रंग मात्र दुसराच घेतलात. निळा का?"

"होताच निळा."

"नाही हो. तपकिरी होता. कॉफीत दूध कमी पडल्यासारखा. स्टुडिओत पडद्याचं कापड शिल्लक होतं, त्यातून सगळ्यांचे कोट काढले."

राजेंद्ररावांचा चेहरा उतरला. सुलेखाचा नाही. "साहेब, राग मानू नका. पण तुम्ही विसरला असाल."

"बाई, माझ्या अंगावर होता तो!"

"अंगावर असतो त्याला कोट कमी दिसतो. समोरच्याला जास्त दिसतो. आम्ही समोर होतो."

राजेंद्ररावांनी खिशातून रुमाल काढला. कॉटवरून द्वारकाबाई म्हणाली, "सुले, काच विसरलीस व्हय गं?"

"कसली काच?"

"टीव्हीच्या तोंडाला लावलेली. प्लास्टिकची, रंगाची. तुझ्या बापानं इथूनच आणली व्हती, गुलमंडीतून. वरती निळी, मधी नारंगी, खाली हिरवी. रोज मीच पुसायची की ती."

सुलेखा कोट धरून तशीच उभी राहिली. आणि खरोखरच काच तिच्या डोळ्यांपुढं आली. कडेला चिकटपट्टी लावलेली, एका कोपऱ्यातून उचकटलेली. बातम्या देणाऱ्या बाईचे केस निळे, गाल नारंगी. काच ती साफ विसरली होती. तिच्यातून आलेला रंग मात्र मनात पक्का बसला होता. कप्तान कायम यानाच्या चौथऱ्यावर उभा, पडद्याच्या वरच्या भागात. निळ्यात.

राजेंद्रराव पुटपुटले, "आमची अख्खी हिरवी होती. वडील म्हणायचे, डोळ्यांना थंड."

"आणि मंजुषाबाईंच्या डॉक्टरीणबाई कायम बसलेल्या," सुलेखा हळूच म्हणाली. "मधल्या पट्ट्यात." मग आईकडे वळली. "इतकी वर्षं मी निळा निळा करतीय. तू बोलली का नाहीस?"

"इचारलंस कधी? तू इचारून काय करतीस का?"

"आणि अण्णांना माहीत होतं?"

"त्यांनीच तर लावली काच, त्यांना ठावं नसंल? पण टीव्ही सुरू झाला की इसरायचे. मीबी कशाला बोलू? माणूस खुशीत व्हता."

राजेंद्ररावांनी घसा साफ केला. "असं करू, हाच कोट घालू. ग्रुपनं निळा ठरवलाय, लोकांनाही चालेल. तपकिरी होता हे सांगणार कोण?"

"मी सांगीन," देवरुखकर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मालिकेचं काही राहिलं नाही, राजेंद्रराव. टेपा पुसल्या. ड्रेसवाला गेला. माझी बायको त्या कोटाला कॉफीची पिशवी म्हणायची, तीही गेली. तो रंग आता माझ्यापाशी तेवढा शिल्लक आहे. उद्या मी निळ्यात उभा राहिलो, फोटो निघाले, की पुढं तेच खरं होऊन बसेल. कोट सुंदर आहे. पण नको."

सुलेखानं कोटाची बाही उगीच झटकली. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेब, आणि त्यांच्या खालच्या फळीवर अण्णांचा फोटो. रोज सकाळी मेणबत्ती लावून ती तिथं पंचशील म्हणते. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. लहानपणापासून म्हणत आली, पण ब्लाऊजच्या धंद्यात ते कधी एवढं समोर येऊन उभं राहिलं नव्हतं. निळ्या कोटातला माणूस स्टेजवर पाठवून ‘हाच तो कोट’ म्हणायचं, म्हणजे हजार लोकांसमोर खोटं सांगायचं. तेही ज्या माणसाचा कोट, त्याला नको असताना. अण्णांनी सुद्धा तसं करू दिलं नसतं. अण्णा काचेतून बघत होते, पण खोटं बोलत नव्हते.

"बरोबर आहे साहेबांचं," ती म्हणाली. "उद्या कार्यक्रमाआधी तपकिरी तयार मिळंल. कापणी हातात आहे, रात्रभर मशीनवर बसले तरी माझे हात चालतात. पण एक ऐका. हा कोट आत्ता इथं, एकदा अंगात घाला. फोटो नाही, ग्रुप नाही. आमच्या घरापुरता."

तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. पडद्याच्या कापडाचा कोट, आखूड बाही, मिरवणूक, हे सगळं तिनं थोडक्यात सांगितलं. रडली नाही, उलट बाहीच्या गोष्टीला स्वतःच हसली. देवरुखकर उठले. हात मागं केले. सुलेखानं कोट चढवला, खांदे बसवले, कॉलर ओढून कुशीतला हूक लावला आणि दोन पावलं मागं सरकली.

म्हातारा माणूस एकदम ताठ झाला. गुडघे विसरला. हनुवटी वर, दोन बोटं कपाळाला. कप्तान निशांत. अण्णांच्या फोटोसमोर, निळ्यात.

मग द्वारकाबाई म्हणाली, "चांगला दिसतो. आमच्या मालकाला जास्त शोभायचा."

"बाही आखूड असताना?" देवरुखकरांनी विचारलं.

"आखूड असताना."

ते गेल्यावर सुलेखानं अतुलला फोन लावला. तपकिरी शेकडो असतात. नेमका कोणता, हे डोळ्यांनी बघितलेला माणूस शहरात एकच होता.

"अतुलभाऊ, तुमचा मातकट बरोबर निघाला. साहेबांनीच सांगितलं. मी चुकले."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ताई, थांबा. स्पीकरवर टाकतो. परत म्हणा. बायको इथंच बसलीय, तिला ऐकू दे."

"मी चुकले, वहिनी!" सुलेखा ओरडली. "तुमच्या नवऱ्याचा टीव्ही चांगला होता!"

गुलमंडीत दोघं गेली, तेव्हा अतुलनं कापडाच्या ताग्यामागून तागा काढायला लावला. हा काळसर, तो लालसर, ह्याला चमक फार. लग्नाच्या वेळी तरी एवढं बघितलं असेल की नाही, कुणास ठाऊक. दुकानदार घामाघूम झाला.

"भाभी, परसों तो नीला लेके गए ना तुम?"

"परसों गलत बोली थी, भाई."

दुकानदारानं हातातला तागा खाली ठेवला. सुलेखाबाई त्याच्याकडून वर्षानुवर्षं कापड नेत होत्या. हे वाक्य त्यानं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. शेवटी एका ताग्यावर हात ठेवून अतुल म्हणाला, "हा." सुलेखानं लगेच कापड मोजायला लावलं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरून गेला. वैजापूर, कन्नड, पैठणहून लोक आलेले, पिकलेल्या केसांचे, नातवंडांना घेऊन. दिवे मंद झाले आणि देवरुखकर तपकिरी कोटात स्टेजवर आले. टाळ्या सुरू झाल्या, पण मधेच कुठंतरी अडखळल्या. कुजबुज चालू झाली. मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "ओ, कोट हिरवा होता!" दुसरीकडून आलं, "निळा, निळा!" मंजुषाबाई शेजारणीला सांगत होत्या, "निळा ठरला होता आपला. हा रंग नव्हताच कधी." देवरुखकर दिव्यात उभे, कपाळाकडे नेलेली बोटं अर्ध्यावर थांबलेली. राजेंद्रराव माईक हातात घेऊन सुलेखाकडे बघू लागले.

सुलेखा पदर खोचून स्टेजवर चढली आणि माईक तिनं त्यांच्या हातातून काढूनच घेतला.

"कोट तपकिरीच होता," ती म्हणाली. "सगळ्यात जास्त निळा निळा मीच ओरडत होते, ग्रुपवाल्यांना ठाऊक आहे. आता मीच सांगते, तपकिरी. ज्यांनी अंगात घातला ते हे इथं उभे आहेत. ज्यांच्या घरी कलर टीव्ही होता, ते अतुलभाऊ तिथं बसलेत, त्यांची मी सगळ्यांदेखत माफी मागते. आणि तुमचा जो रंग असंल, हिरवा, निळा, नारंगी, तो घरी जाऊन आईला विचारा. म्हणावं, टीव्हीला काच कुठल्या रंगाची होती?"

मग कुठंतरी एक म्हातारा "आयला, काच!" म्हणाला, आणि हसण्याची अशी लाट आली की पोरं घाबरून आजोबांकडे बघायला लागली. "आमची निळी!" "आमची तीन पट्ट्यांची!" "आमच्यात मामानं उलटी लावली होती, आभाळ हिरवं!" अतुल कधी उभा राहिला ते त्यालाही कळलं नसावं. एकटाच उभा राहून टाळ्या वाजवत होता. देवरुखकरांनी त्याच्याकडे बघून दोन बोटं कपाळाला लावली, आणि मग अख्खा हॉल उभा राहिला.

पहिल्या रांगेत द्वारकाबाई टाळ्या न वाजवता बसून होती. तिनं तिचा कप्तान कालच बघितला होता.

निघायच्या दिवशी देवरुखकर पुन्हा दुकानात आले. तपकिरी कोट हातावर घडी घातलेला. दारातच उभे राहून म्हणाले, "तो निळाही बांधून द्या. मुंबईला नेतो. रात्रभर मनात घोळतोय."

"तो नाही देता यायचा, साहेब," सुलेखा म्हणाली. कात्री चालूच होती. "तपकिरी तुमचा. निळा आमच्या घरचा. इथं आलात, की घाला."

त्यांनी आत बघितलं. भिंतीवर, अण्णांच्या फोटोखालच्या खुंटीला, निळा कोट टांगलेला होता. त्यांनी मान हलवली.

"मग माझं माप तरी लिहून ठेवा. परत येईन तेव्हा लागेल."

"माप ध्यानात आहे," सुलेखा म्हणाली. "पोट तेवढं सांभाळा. कॉलर आता आणखी तिरकी होत नाही."